महिनाभर भूक उतरत गेलेला शॅमेलिऑन: गुहागर तालुक्यातलं एक प्रकरण

प्राणी: व्हेल्ड शॅमेलिऑन. वय: मालकाच्या हिशेबाने आठ महिन्यांच्या आसपास. लिंग: विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे नर. तक्रार: खाणं हळूहळू घटत गेलं, आता दोन दिवस अन्नाला शिवलेला नाही.

माझ्या दवाखान्यात गाभण म्हशी, पोट फुगलेल्या शेळ्या आणि गोचिडांनी बेजार कुत्री यांची रांग असते. त्यात हा पाहुणा क्वचित येतो. तो घेऊन येणारा माणूस बहुधा आवाज खाली घेऊन बोलतो, कारण पहिला प्रश्न कागदांचा असणार हे त्याला ठाऊक असतं. आपल्या काजूच्या बागांत, करवंदीच्या जाळ्यांत दिसणारा घोयरा सरडा हा भारतीय शॅमेलिऑन. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, त्याला घरात ठेवणं हा गुन्हा. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येचा. तो साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. या मुलाकडे नोंदीचा कागद होता. तो पाहिला आणि पुढच्या गोष्टीकडे वळले.

मुलगा पंचविशीतला. घरची हापूसची बाग बघतो, शिवाय किनाऱ्यालगत दोन खोल्या पर्यटकांना देतो. सोबत आई होती, आणि काखेत एक वही. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या वहीमुळे.

वही

पिल्लू घरी आलं त्या दिवसापासूनची रोजची नोंद त्यात होती: सकाळी किती रातकिडे, संध्याकाळी किती. हिवाळ्यात दोन्ही वेळचे मिळून पंचवीस-तीस. शिमग्याच्या सुमारास पंधरा. आंबा उतरवायच्या धांदलीत सात-आठ. मृग लागला तेव्हा तीन-चार. शेवटच्या दोन ओळींत शून्य, आणि त्या शून्यांना लाल पेनाचं वर्तुळ. प्रत्येक पानावरचा आकडा आदल्या पानापेक्षा लहान. असा उतरता आलेख पाहून कुणीही घाबरेल.

पण आकडे कशाचे आहेत ते बघायला हवं. हिवाळ्यातले रातकिडे तांदळाच्या दाण्याएवढे होते, मे महिन्यातले पूर्ण वाढलेले. एका मोठ्या रातकिड्याचं वजन तसल्या बारक्या कितीतरी रातकिड्यांइतकं भरतं. नग मोजले तर मार्चमध्ये खाणं निम्म्यावर आलं असं दिसतं. पोटात गेलेलं अन्न मोजलं तर त्या महिन्यांत ते उलट वाढलेलं निघतं. खरी घट सुरू झाली ती मे महिन्यात.

आणि अख्ख्या वहीत त्या जनावराचं वजन एकदाही लिहिलेलं नव्हतं. शॅमेलिऑनच्या भुकेबद्दल बोलायचं तर वजन आधी हवं. खाल्लेले किडे हा खर्चाचा आकडा झाला. शिल्लक किती, ते वजन सांगतं.

घाबरल्यावर त्याने जे केलं ते बहुतेक मालक करतात. आधी रातकिड्यांऐवजी सुपरवर्म, म्हणजे जाडजूड चरबीदार अळ्या, सुरू केले. ते काही दिवस चालले. मग चिमट्याने तोंडाजवळ धरून भरवलं. शेवटी आदल्या दिवशी आईला धरायला सांगून जबडा उघडायचा प्रयत्न केला. त्यावर मी त्याला तिथेच थांबवलं. शॅमेलिऑनचा जबडा नाजूक असतो, आत ती लांबलचक जीभ घडी घालून बसलेली असते, आणि ओढाताणीत अन्न श्वासनळीत गेलं तर मूळ तक्रार बाजूलाच राहते.

तीन संशयित

आईचं ठाम मत होतं की पावसाने भूक मारली. पिंजरा पडवीत. मे महिन्यात कौलांखाली दुपारी पस्तीस अंश, वर दिवा. मृगाची पहिली सर आली आणि पारा एकदम सत्तावीस-अठ्ठावीसवर आला. त्यात वीज जायची. सरडा बाहेरच्या उबेवर अन्न पचवतो, गारठला की पचन मंदावतं, हे खरंच. पण वीज जात होती ती तास-दोन तास, दिवसेंदिवस नव्हे. शिवाय घट पावसाच्या आधी सुरू झालेली, वहीच तसं सांगत होती. आणि मुख्य म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस अंश या जनावराला मानवतात. त्याला जड गेला असेल तर तो मे महिना.

दुसरा संशय बाहेरच्या किड्यांवर होता. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात, तीही तो टिपून घालत होता. त्यातून पोटात जंत जाऊ शकतात. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, चिंता करण्यासारखं काही नव्हतं. विष्ठेसोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राचा, भाग पांढरा होता. तो पिवळा-केशरी असता तर पाणी कमी पडतंय असं म्हटलं असतं. दोन गोष्टी मात्र त्याला बजावून सांगितल्या. मोहोरावर फवारणी चालू असते त्या महिन्यांत बागेतला एकही किडा पिंजऱ्यात जाता कामा नये. आणि पावसाच्या तोंडाशी झाडं काजव्यांनी लखलखतात तेव्हा चुकूनही काजवा घालायचा नाही. काही जातींच्या काजव्यांत असं विष असतं की एकदोन काजव्यांनीही पाळीव सरडे दगावले आहेत. परसात फुकट मिळणारं खाद्य म्हणून लोकांना त्याचा मोह पडतो.

तिसरा संशय आजाराचा. डोळे उघडे, टपोरे, दोन्ही आपापल्या दिशेने फिरणारे. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन बघितला की मला धडकी भरते, इथे तसं नव्हतं. जबड्याचं हाड घट्ट. पाय सरळ, पकड इतकी मजबूत की माझ्या बोटावरून सोडवताना एकेक नखी सुटी करावी लागली. म्हणजे कॅल्शियम आणि अतिनील दिव्याचं काम ठीक चाललेलं. जीभ चालते का? ही तपासणी लोक विसरतात. जिभेला इजा झालेला शॅमेलिऑन भुकेला असूनही ‘खात नाही’ असाच दिसतो, नेम चुकतो आणि मग तो नाद सोडतो. मुलाच्या मोबाइलमध्ये चार-पाच दिवसांपूर्वीचं चित्रण होतं: जीभ सरळ गेली आणि किडा घेऊन आली. जिभेचा प्रश्न मिटला.

मग वजन. काट्यावर आडवी काठी ठेवून त्यावर बसवलं: ११८ ग्रॅम. फासळ्या दिसत नव्हत्या. डोक्यावरच्या शिखराच्या बुडाशी आणि पायांच्या वरच्या भागात चरबीचा फुगवटा. आठ महिन्यांच्या मानाने अंगाने भरलेलं, खरं तर जास्तच भरलेलं जनावर. उपाशी प्राणी असा दिसत नाही.

टाच

इथे मी टॉर्च मागितला आणि मागचा पाय हलकेच उचलून धरला. व्हेल्ड शॅमेलिऑनमध्ये नर-मादी ओळखायला वाढ व्हायची वाट बघावी लागत नाही. नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर एक लहानसा मांसल काटा असतो, अंड्यातून बाहेर आल्यापासून. कोंबड्याच्या पायावरच्या काट्यासारखा टोकदार नव्हे, नुसता उंचवटा, पण एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही. या टाचेवर तो नव्हता. दुसऱ्याही नव्हता. दोन्ही टाचा सपाट.

‘मॅडम, म्हणजे नर नाही हा?’

नाही. विकणाऱ्याला माहीत नसेल किंवा नर जास्त खपतो म्हणून तसं सांगितलं असेल. नर दिसायला डौलदार, शिखर उंच, आयुष्यही साधारण जास्त, त्यामुळे मागणी नराला. आता मोबाइलमधले जुने फोटो पुन्हा बघितले. एप्रिलअखेर पाठीवर फिकट निळे ठिपके आणि मोहरीच्या रंगाचे डाग आलेले. मुलाने ते ‘रंग खुलला’ म्हणून मित्रांना पाठवले होते. वयात आलेल्या मादीची ती खूण.

पोटाला खालून दोन बोटं लावली. दाब अजिबात द्यायचा नसतो, नुसती बोटं टेकवायची आणि जनावराला आपल्या पायाने पुढे जाऊ द्यायचं. बोटांवरून गोलसर, मऊ, एकमेकांना लागून बसलेल्या गाठी सरकत गेल्या. दोन्ही बाजूंना. अंडी.

आईने विचारलं, ‘पण हिच्यासोबत दुसरं कोण नाय डॉक्टरीणबाई, एकटीच आहे ती.’

नर लागत नाही. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नराचं तोंडही न बघता अंडी धरते, घालते. ती फलित नसतात एवढंच. संध्याकाळी मुलाच्या घरी फोन केला तेव्हा त्याच्या आजींना हे सांगून झालेलं होतं, आणि त्यांनी आपला निकाल दिलेला होता: ‘कोंबडी खुडूक बसली की दाण्याला तोंड लावत नाय, तसंच असंल.’ क्रम उलटा आहे. कोंबडी अंडी घालून झाल्यावर खुडूक बसते, हिचं खाणं अंडी घालण्याआधी सुटतं. बाकी आजींचा अंदाज आम्हा सगळ्यांपेक्षा जवळ होता.

भूक कमी का होते

या प्रकरणात दोन घटना एकावर एक आल्या होत्या आणि मुलाला त्या एकच वाटल्या.

पहिली वाढीची. व्हेल्ड शॅमेलिऑन फार झपाट्याने वाढतो. पहिले तीन महिने तो दिवसातून दोन-तीनदा, मिळेल तेवढं खातो, आणि खाल्लेलं हाडामांसात जातं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात तो वयात येतो. तिथून वाढीचा वेग पडतो आणि भूकही पडते. सहा महिन्यांनंतर रोजचं खाणं आवळायचं, नऊ-दहा महिन्यांपासून एक दिवसाआड, तेही मोजकं, ही पाळणाऱ्यांची सर्वसाधारण रीत आहे. पिल्लाचं खाणं प्रौढाला चालू ठेवणं ही यातली मोठी चूक आणि ती प्रेमापोटी होते. आपल्याकडे ‘खातंय ना, मग बरं आहे’ हा तपासणीचा पहिला आणि शेवटचा निकष. गुरांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. इथे नाही.

दुसरी घटना मादीची. नराला जास्त घातलं तर तो लठ्ठ होतो. मादीला जास्त घातलं तर ते अंड्यांत जातं. खुराक आणि उष्णता जितकी जास्त तितकी अंडी जास्त, एका खेपेला पन्नास, साठ, कधी त्याहूनही पुढे. एवढ्या अंड्यांचं कॅल्शियम हाडांतून निघतं. अशा खेपा वर्षातून दोन-तीनदा झाल्या की मादी लवकर थकते. अंड्यांनी पोट भरत आलं की अन्नाला जागाच राहत नाही, म्हणून शेवटच्या दिवसांत खाणं सुटतं. पाणी मात्र ती पीत राहते. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, पानांवर पाणी फवारलं की आता खूप वेळ चाटते.

मे महिन्यातली घट पहिल्या कारणाची. जूनमधलं शून्य दुसऱ्या. मधे सुपरवर्म घालून त्याने जी भूक ‘परत आणली’, तिने अंड्यांची भरच केली असणार.

ही मादी नसून खरंच नर असता, तर मी वेगळे प्रश्न विचारले असते. पिंजऱ्याला काच आहे का, त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं का, शेजारी दुसरा शॅमेलिऑन आहे का. वयात आलेला नर मादी दिसली की अन्न सोडून तिच्याकडे डोळे लावून बसतो, दुसरा नर दिसला तर चिडून. कात टाकताना दोघेही एक-दोन दिवस कमी खातात. तेच ते खाद्य महिनोन्‌महिने आलं तरी कंटाळतात, रातकिड्यावरून नाकतोड्यावर गेलं की लगेच जीभ सुटते. ही सगळी कारणं नुसत्या बघण्याने कळतात, औषध लागत नाही.

वाळू

औषध मी दिलं नाही. दिली ती वाळूची यादी.

मादीला पुरून अंडी घालायची असतात. पिंजऱ्याच्या तळाशी नुसती फरशी असेल तर ती अंडी अडवून धरते, आणि अडलेली अंडी जीव घेऊ शकतात. उभी बादली किंवा खोल टब घ्यायचा, त्यात निदान तीस सेंटिमीटर ओलसर वाळू. मुलगा समुद्रावर राहणारा, तो संध्याकाळी पुळणीवरची वाळू घेऊन मोकळा झाला असता. ती नको म्हटलं, मिठाची असते. वहाळातली आणायची, धुवायची. ओल किती, याची खूण सोपी आहे: वाळूत बोट खुपसून बाहेर काढायचं. भोक तसंच उभं राहिलं तर ओल बरोबर. कडा ढासळल्या तर कोरडी, तळाशी पाणी जमलं तर जास्त. मादी बोगदा खणते, तो अंगावर कोसळला की काम सोडून देते.

पडवीत घरातली सगळी वर्दळ, त्यात पर्यटक डोकावणारे. पिंजरा मागच्या खोलीत नेऊन तीन बाजूंनी जुनी चादर लावायला सांगितली. खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती थांबते, आणि थांबलेली मादी पुन्हा सुरुवात करीलच याचा भरवसा नसतो.

दोन दिवसांनी ती खाली उतरली, टबाच्या कडेने फिरली, वर गेली, पुन्हा उतरली. ही येरझार म्हणजे वेळ जवळ आल्याचं लक्षण. मुलाने फोनवर विचारलं, टॉर्च मारून बघू का? नको. रात्रभर टबातून खरवडण्याचा आवाज येत होता असं त्याने सकाळी सांगितलं. दुपारपर्यंत बोगदा बुजवून, वाळू पायांनी सपाट करून ती फांदीवर जाऊन बसली. अंगावर वाळू, डोळे जरा आत गेलेले, पोट चपटं. वाळू उपसली तेव्हा ५० च्या वर अंडी निघाली, पांढरी, मऊ कवचाची. ती टाकून द्यायची होती, आजींना ते पटायला वेळ लागला.

वजन: ७९ ग्रॅम.

नंतरचा खुराक

पहिले तीन दिवस तिला पोटभर द्यायला सांगितलं, कॅल्शियमची पूड लावून, आणि पाणी दिवसातून अनेकदा फवारून. झालेली झीज भरायला हवी. मुलाला आनंद झाला, भूक परतली म्हणून. चौथ्या दिवसापासून हात आखडायला सांगितलं तेव्हा तो आनंद मावळला. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार-पाच मध्यम किडे. सुपरवर्म जवळजवळ बंद. किड्यांना आधी शेवग्याचा पाला आणि गाजर घालायचं. अळू, पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पिंजऱ्यात जास्वंदीची कुंडी ठेवली. व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, आणि अधल्यामधल्या दिवशी तिला काही कुरतडायला मिळालं की माणसाच्या जिवाला बरं वाटतं.

कोकणात खुराकावर जास्त भर द्यावा लागतो, त्याला कारण आहे. अंड्यांची संख्या आटोक्यात ठेवायला खुराक आणि उष्णता अशा दोन दोऱ्या आहेत. हा सरडा येमेनमधल्या पावसाच्या डोंगरउतारांवरचा. येमेनचं एडन बंदर १८३९ पासून पुढे जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं, तेव्हा हवा आपल्यासारखीच असणार असा आपला समज होतो. पण तो बंदराचा समज झाला. डोंगरात रात्री गार पडतं, आणि त्या गारव्यात शरीराचा सगळा कारभार संथ होतो. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या रात्री सहसा पंचवीसच्या खाली उतरत नाहीत. दिवसा उबेचा दिवा कमी करता येतो, तिच्या बसण्याच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस अंश पुरतात आणि मे महिन्यात तर तो दिवा लावायचीच गरज नाही, फक्त अतिनील नळी चालू ठेवायची. रात्र मात्र आपल्या हातात नाही, कुणी सरड्यासाठी वातानुकूलन लावत असेल तर गोष्ट वेगळी. मग हातात राहते ती एकच दोरी, खुराकाची.

पिंजरा जाळीचाच ठेवायला सांगितला. पावसाळ्यात हवेत आधीच एवढा दमटपणा की काचेच्या पेटीत वारा खेळत नाही आणि श्वसनाचे आजार सुरू होतात. फवारणी जुलै-ऑगस्टमध्ये अर्ध्यावर.

वहीत आता दोन रकाने झाले. रविवारी सकाळी वजन, त्यासमोर आठवड्याचं खाणं. दिवाळीच्या आधी पुन्हा रंग बदलला, पुन्हा भूक उतरली. या वेळी मुलाने टब स्वतःहून भरून ठेवला. अंडी तिशीच्या आत आली आणि वजन पहिल्या खेपेइतकं कोसळलं नाही. काही माद्या अशा आखडत्या खुराकावर एखादी खेप पूर्ण चुकवतात, तिच्या बाबतीत ते होतं का ते पुढच्या उन्हाळ्यात बघायचं आहे. तो अजूनही मधूनच विचारतो, ‘मॅडम, जाळीला चिकटून बघत बसते, एक जास्तीचा घालू का?’ माझं उत्तर वजनाच्या रकान्यावर अवलंबून असतं. ते ठरलेल्या पट्ट्यात असेल तर नाही.

त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी चार ओळी लिहून दिल्या आहेत. दिवसा डोळे मिटलेले, फांदी सोडून तळाशी पडून राहणं, खणून दोन दिवस झाले तरी अंडी नाहीत, किंवा अंडी घातलेली नसताना वजन सलग दोन रविवार उतरलेलं: यातलं काहीही दिसलं तर फोन करून विचारत बसायचं नाही, तिला कापडी पिशवीत घालून थेट घेऊन यायचं.